रात्रपाळीला दोन सिस्टर, तीस खाटा: वॉर्डात वायरलेस मॉनिटर बसवताना

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. पहाटे साडेतीनला नऊ नंबरच्या रुग्णाची बायको टेबलाशी आली आणि म्हणाली, "बाई, यायचा आवाज काहून असा नाकातून येऊन राह्यला?" घरात खाली सतरंजीवर झोपलेल्या या शेतमजुराला मण्यार चावल्याचा संशय होता. रात्री एकला तो दाखल झाला होता. प्रतिविष चालू होतं, नाकात ऑक्सिजन होता, बोटाला ऑक्सिमीटर होता आणि त्यावर ९८ दिसत होतं. मी जाऊन पाहिलं तर पापण्या अर्ध्यावर आलेल्या, थुंकी गिळता येत नव्हती, छाती जेमतेम हलत होती. डॉक्टरांनी नळी टाकली, मी अँबू बॅग दाबत राहिले, १०८ आली आणि रुग्ण जिल्ह्याला व्हेंटिलेटरवर गेला. तो वाचला, पण तो वाचला त्याच्या बायकोच्या कानांमुळे. यंत्रावरचा आकडा ९८ वरून हललाच नव्हता.

त्यात यंत्राची चूक नव्हती. ऑक्सिजन चालू असलेल्या माणसाचा श्वास उथळ झाला तरी रक्तातला ऑक्सिजन बराच वेळ टिकून राहतो. साचत जातो तो कार्बन डायऑक्साइड, आणि तो बोटावरच्या यंत्राला दिसत नाही. आमच्याकडे पुढे सहा खाटांवर वायरलेस मॉनिटर (रुग्णाला लावलेल्या सेन्सरचे आकडे तारेशिवाय टेबलावरच्या पडद्यावर आणणारे) आले, ते ही गोष्ट डोक्यात ठेवूनच. यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीकडच्या वीस ते पन्नास खाटांच्या रुग्णालयात ज्यांना हे काम करायचं आहे, त्या सिस्टर आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी मी हे लिहिते आहे. बहुतेक ठिकाणी आधी यंत्र येतं आणि मग त्याच्याभोवती माणसांची धावपळ सुरू होते. माझा आग्रह उलटा आहे. आकडा बिघडल्यावर खाटेपर्यंत चालत कोण जाणार, हे आधी ठरवा आणि त्याला परवडेल तेवढंच यंत्र घ्या.

पायरी १: आधी आठवडाभर स्वतःची टीपीआर वही वाचा

कोटेशन मागवण्याआधी मागच्या महिन्याची टीपीआर वही, म्हणजे ताप, नाडी आणि श्वासाच्या नोंदींची वही, काढा आणि श्वासाचा रकाना वरून खाली वाचत जा. आमच्या वहीत २०, २०, २२, २०, २० अशी रांग होती आणि त्यातलं बरंचसं अक्षर माझं होतं. पूर्ण मिनिटभर छातीकडे बघत श्वास मोजायला रात्रपाळीत वेळ मिळत नाही, म्हणून अंदाजाने २० लिहिलं जातं. नाडी आणि बीपी यंत्राने येतात, म्हणून ते आकडे खरे असतात. श्वास तेवढा राहून जातो, आणि रुग्ण बिघडायला लागला की बहुतेक वेळा आधी तोच बदलतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने बालन्यूमोनियाच्या कामात गावातल्या बायांच्या हातात मणी सरकवून श्वास मोजायचं साधं साधन दिलं होतं. मोजणीचं मोल त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

वहीतून दुसरी एक गोष्ट काढा: रात्री ११ ते सकाळी ६ या वेळात एका रुग्णाच्या किती नोंदी आहेत? एक किंवा दोन असतील, तर वायरलेस मॉनिटरने भरायची पोकळी नेमकी तीच आहे. दिवसा चार माणसं वॉर्डात असतात, तेव्हा त्याचा उपयोग कमी.

पायरी २: कुणाला लावायचं ते ठरवा

तीस खाटांना तीस सेन्सर घेऊ नका. दोन सिस्टर सहा खाटांच्या अलार्मला उत्तर देऊ शकतात, तीस खाटांच्या नाही.

आमच्याकडे यादी हंगामाप्रमाणे बदलते. पावसाळ्यात सर्पदंश. कपाशीवर फवारणी सुरू झाली की विषबाधा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते अख्ख्या महाराष्ट्राने पाहिलं आहे. मे महिन्यात उष्माघात. वर्षभर न्यूमोनिया, सीझर झालेल्या बाईचे पहिले चोवीस तास, आणि पूर्व विदर्भात विशेषकरून सिकल सेलचं दुखणं उठलेला रुग्ण. ज्याला खरं तर आयसीयूच लागणार आहे, त्याला सेन्सर लावून ठेवून घेऊ नका, गाडी बोलवा. सेन्सर आहे म्हणून रेफर करायला उशीर झाला, तर सेन्सर नसलेला बरा होता.

पायरी ३: आकडा बिघडला तर कोण उठणार

यासाठी एक तयार मोजपट्टी आहे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली, न्यूज-२ नावाची. श्वास, ऑक्सिजन, बाहेरून ऑक्सिजन चालू आहे का, वरचं बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप या सात गोष्टींना गुण द्यायचे आणि बेरीज करायची. एक उदाहरण घ्या. न्यूमोनियाचा रुग्ण: श्वास २४ (२ गुण), ऑक्सिजन ९३ (२), ऑक्सिजनची नळी चालू (२), वरचं बीपी १०८ (१), नाडी ११२ (२), शुद्धीवर (०), ताप ३८.६ सेल्सिअस (१). वेगवेगळे पाहिले तर एकाही आकड्याने कुणी धावत सुटणार नाही. बेरीज मात्र १० येते, आणि ७ किंवा जास्त म्हणजे आणीबाणी.

आमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात हे लावलं आहे:

बेरीज १ ते ४: सिस्टरने जाऊन पाहायचं, चार ते सहा तासांनी पुन्हा मोजायचं.
कुठल्याही एका गोष्टीला ३ गुण, किंवा बेरीज ५–६: डॉक्टरांना फोन, दर तासाला मोजणी.
बेरीज ७ किंवा जास्त: डॉक्टर खाटेशी, त्याच वेळी रेफरची तयारी.

त्याखाली त्या रात्रीच्या डॉक्टरांचं नाव आणि नंबर खडूने लिहायचा. त्यांनी दहा मिनिटांत फोन उचलला नाही तर दुसरा नंबर कुणाचा, हेही. हा दुसरा नंबर लिहून घ्यायला आम्हाला तीन बैठका लागल्या, पण तो नसता तर बाकी सगळं वाया गेलं असतं. सोळा वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायांना ही मोजपट्टी लावायची नाही. त्यांचे तक्ते वेगळे असतात.

मण्यारच्या विषात मात्र ही बेरीजसुद्धा फसवू शकते, कारण श्वासांची संख्या १८ असते आणि प्रत्येक श्वास अर्धाच असतो. त्यासाठी आम्ही दर तासाला रुग्णाला एका दमात मोठ्याने आकडे मोजायला सांगतो. आधी पंचवीसपर्यंत जाणारा माणूस पुढच्या तासाला पंधरावर थांबला, की सेन्सर काहीही म्हणो, डॉक्टरांना उठवायचं. हे सांगणारा वायरलेस सेन्सर माझ्या पाहण्यात नाही.

पायरी ४: कोणता सेन्सर कशासाठी

बोटाचा किंवा मनगटी ऑक्सिमीटर सगळ्यांच्या ओळखीचा. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या तत्त्वावर तो चालतो: लाल आणि अवरक्त असा दोन प्रकारचा प्रकाश बोटातून जातो, आणि ऑक्सिजन असलेलं व नसलेलं रक्त तो वेगवेगळा शोषतं. म्हणून प्रकाशाच्या वाटेत जे येईल ते आकडा बिघडवतं. गडद मेंदी, नेलपॉलिश, गार पडलेली बोटं, शॉकमध्ये आटलेला रक्तप्रवाह. सावळ्या त्वचेवर तो खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतो, म्हणून आमच्याकडे ९३ दिसलं तर आम्ही ते ९३ च्या खालचं समजूनच वागतो. आकड्याशेजारची लहर नीट, एकसारखी उसळत नसेल तर आकडा लिहू नका. मेंदी असेल तर कानाची पाळी किंवा पायाचं बोट. सिकल सेलच्या रुग्णाचा नेहमीचा आकडाच कमी असू शकतो; मागचं कार्ड पाहा आणि मर्यादा त्याच्यापुरती ठरवा.

छातीवर चिकटवायची पट्टी नाडी, ईसीजीची एक लीड आणि श्वास देते. माझ्या मते पैसे घालावेत ते इथे, कारण श्वासाचा रकाना हीच भरते. तिचा शत्रू घाम. मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर गेला की पट्टी काही तासांत सुटते. शिवाय तिच्यावर दिसणारा ताप हा कातडीचा असतो. उष्माघाताच्या रुग्णावर ओली चादर आणि पंखा असताना कातडी गार लागते आणि आतला ताप ४० च्या वर असू शकतो. तिथे गुदद्वारातूनच ताप घ्या.

गादीखाली ठेवायची पट्टी अंगाला लागत नाही, म्हणून रुग्णांना आवडते. ती हृदयाच्या ठोक्याने आणि श्वासाने होणारी बारीक हालचाल टिपते. पण आपल्याकडे खाटेवर रुग्ण एकटा असतो का? पायथ्याशी आई बसलेली, कुशीत नातू, आणि खाटेला टेकून थरथरणारा कूलर. मग आकडा कुणाचा, हे सांगणं अवघड.

बीपीसाठी दंडावरचा पट्टाच घ्या, लहान आणि मोठा असे दोन्ही मापांचे. पट्ट्याशिवाय बीपी सांगणाऱ्या मनगटी घड्याळांवर वॉर्डात औषध ठरवू नये.

पायरी ५: भिंती, लहरी, वीज

सेन्सर बहुधा ब्लूटूथवर बोलतो, भिंतीवरचा गेटवे ते ऐकतो आणि वायफायने किंवा तारेने टेबलावरच्या पडद्याला देतो. ब्लूटूथ आणि नेहमीचं वायफाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. या लहरींना लोखंड आणि पाणी आडवं येतं, आणि माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणीच. रुग्ण सेन्सरवर कुशीला वळला तरी संपर्क तुटू शकतो.

मोबाइलवर वायफाय मोजायचं एखादं फुकट अ‍ॅप घ्या आणि प्रत्येक खाटेच्या उशाशी उभं राहून आकडा लिहा. उणे ६५ डीबीएमपर्यंत चांगलं, उणे ७५ च्या पलीकडे भरवसा नाही. दार लावून एकदा, आणि संध्याकाळी भेटीच्या वेळेत वॉर्ड भरलेला असताना पुन्हा एकदा. आम्ही मोजणी जानेवारीत केली आणि सगळं छान आलं. एप्रिलमध्ये खिडक्यांना पत्र्याचे कूलर लागले, टाक्या भरल्या, आणि कोपऱ्यातल्या दोन खाटा गायब. गेटवे दुसऱ्या भिंतीवर, सात-आठ फुटांवर सरकवला तेव्हा त्या परत आल्या. म्हणून मोजणी कूलर लागल्यावर करा. वायफायसाठी १, ६ किंवा ११ यातला सर्वांत मोकळा चॅनल निवडा.

विक्रेत्याला एक प्रश्न विचारायचाच: इंटरनेट गेलं तर टेबलावर अलार्म वाजेल का? हो म्हणाला तर त्याच्यासमोर इंटरनेटची वायर उपसा आणि बोटातला सेन्सर काढून दाखवायला सांगा. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली की आपल्याकडे दोन-दोन दिवस जोडली जात नाही. ज्या यंत्रणेचा अलार्म दूरच्या सर्व्हरवरून फिरून येतो, ती रात्रीच्या वॉर्डासाठी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

विजेचा हिशोब कागदावर करा. गेटवे १० वॅट, राउटर १०, लहान संगणक ३०, पडदा ४०, झाले ९०. आठ तासांना ७२० वॅट-तास. १५० अँपिअर-तासाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत कागदावर १,८०० असतात, पण बॅटरी अर्ध्याखाली उतरवायची नाही, म्हणजे ९००, आणि इन्व्हर्टरमध्ये पाचवा हिस्सा जातो. उरले ७२०, जेमतेम एक रात्र. त्यावर पंखा जोडायचा नाही. महावितरणची लाइट जाऊन इन्व्हर्टर चालू होण्याच्या क्षणात संगणक बंद पडतो, त्यासाठी मध्ये छोटा यूपीएस लागतो. मृगाच्या विजा सुरू होण्याआधी अर्थिंग तपासून घ्या.

सेन्सरचे दोन संच ठेवा. एक अंगावर, एक चार्जिंगला, बदल संध्याकाळी सहाला. रात्री दोनला बॅटरी संपणारा सेन्सर ही नियोजनाची चूक आहे.

पायरी ६: अलार्म

कारखान्यातून आलेल्या मर्यादा तशाच ठेवल्या तर काय होतं ते गणितानेच दिसतं. सहा खाटा, प्रत्येकी तासाला दहा अलार्म, म्हणजे दर मिनिटाला एक. तिसऱ्या रात्री कुणीतरी आवाज बंद करणारच, आणि त्या सिस्टरला दोष देता येणार नाही.

पहिले दोन आठवडे यंत्र फक्त नोंद घेऊ द्या. हाताची मोजणी पूर्वीसारखीच चालू ठेवा. मग डॉक्टर आणि सिस्टर एकत्र बसून कोणता अलार्म खरा होता, कोणता हात हलल्याचा, ते बघा. आम्ही ऑक्सिजन ९० च्या खाली सलग १५ सेकंद राहिला तरच वाजेल असं ठेवलं आणि कटकट खूप कमी झाली. मर्यादा रुग्णाप्रमाणे डॉक्टरांनी लिहून द्यायच्या. फवारणीच्या विषबाधेत उतारा म्हणून अ‍ॅट्रोपीन चालू असताना नाडी ८० च्या वर हवी असते. तिथे खालची मर्यादा ५० ठेवली तर औषध उतरत चालल्याचं कळणारच नाही.

संपर्क तुटल्याचा आवाज वेगळा हवा आणि त्यालाही उठायचं. कोरा पडदा म्हणजे रुग्ण ठीक आहे असं नव्हे.

अलार्म फोनवर येत असेल तर वॉर्डाचा स्वतंत्र फोन ठेवा, पाळीबरोबर हातून हाती जाणारा. आकड्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचे नाहीत. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, पण त्याआधी आपल्या गावात कोण कशासाठी दाखल आहे हे चौकात पोहोचायला वेळ लागत नाही. भिंतीवरच्या पडद्यावर नाव नको, खाटेचा नंबर पुरे.

पायरी ७: अंगावर लावताना

पहिल्याच आठवड्यात एका आजीने छातीवरची पट्टी बघून विचारलं, "बाई, हे रगत त नाही ना पेऊन राह्यलं?" मी माझ्या बोटाला सेन्सर लावून पडद्यावर माझी नाडी दाखवली, मग त्यांच्या नातवाची. नंतर आजीच शेजारणीला समजावत होत्या. दोन मिनिटं द्या, आपल्या बोलीत सांगा: यात सुई नाही, करंट नाही, हे फक्त ऐकतं, आणि हे लावलं तरी काही वेगळं वाटलं तर आम्हाला हाक मारा. शेवटचं वाक्य विसरू नका. नऊ नंबरच्या बायकोने हाक मारली नसती तर काय झालं असतं, हा विचार मला अजून येतो.

पट्टी लावायची जागा, डाव्या हसळीखाली, आधी पाहा. तिथे तेल चोळलेलं असतं, कधी हळद, कधी बाम. साबणाच्या ओल्या कापडाने पुसा, कोरडं करा, केस असतील तर कापा. चिकटवल्यावर कडा अर्धा मिनिट दाबून धरा. दोन मिनिटांनी पडद्यावरचा आकडा पाहू नका, आधी घड्याळ लावून पूर्ण ६० सेकंद श्वास मोजा आणि मग पडद्याशी ताडा. चारपेक्षा जास्त फरक असेल तर पट्टी काढून पुन्हा लावा. नाडीही हाताने एकदा. रोज आंघोळीच्या वेळी पट्टीखालची कातडी बघा. लालसर झाली तर जागा बदला. पुन्हा वापरायचे भाग प्रत्येक रुग्णानंतर पुसायचे, कशाने ते उत्पादकाच्या पत्रकात दिलेलं असतं.

पायरी ८: खाट बदलली की

आमची सर्वांत मोठी चूक इथे झाली. दुपारी चार नंबरचा रुग्ण पंख्याखाली हवा म्हणून सात नंबरवर गेला, सेन्सर अंगावरच होता, पडद्यावर मात्र खाट चारच राहिली. संध्याकाळी चारवर नवा रुग्ण आला आणि तासभर त्याच्या नावावर दुसऱ्याचेच आकडे लिहिले गेले. इजा झाली नाही, पण होऊ शकली असती. तेव्हापासून नियम असा: रुग्ण हलला की सेन्सर पडद्यावरून तोडायचा आणि नव्या खाटेवर पुन्हा जोडायचा, आणि पाळी बदलताना दोघी सिस्टरनी खाटेशी उभं राहून नाव, खाट नंबर आणि सेन्सरवरचा नंबर मोठ्याने वाचायचा. वॉर्डातल्या मदतनीस मामा-मावशींनाही हे सांगून ठेवा, कारण खाटा बहुतेक वेळा तेच हलवतात.

करार करताना

वैद्यकीय उपकरण नियम २०१७ खालचा परवाना क्रमांक लेबलवर पाहा. फिटनेसच्या नावाखाली विकलेलं घड्याळ वॉर्डात चालणार नाही. एका रुग्णामागे फेकून द्यायच्या पट्ट्यांचा खर्च वर्षभरासाठी लिहून मागा, कारण यंत्र स्वस्त देऊन पट्ट्यांवर वसुली होते. बिघाड झाला तर नागपूरहून माणूस किती तासांत येईल हे करारात हवं. नोंदी कुणाच्या आणि करार संपल्यावर त्या कशा मिळतील, तेही. आधी तीन महिने चार खाटांवर चालवून बघा. सरकारी रुग्णालय असेल तर रुग्ण कल्याण समितीसमोर जाताना याच तीन महिन्यांचे आकडे न्या: किती अलार्म, त्यातले खरे किती, अलार्म वाजल्यापासून सिस्टर खाटेशी पोहोचायला किती मिनिटं लागली, किती जण वेळेत रेफर झाले.

रेफर करताना मागच्या सहा तासांचा आलेख छापून गाडीत द्या. पुढच्या डॉक्टरला नाडी ११० आहे यापेक्षा ती चार तासांत ८४ वरून ११० झाली, हे जास्त कामाचं असतं.

महिन्यातून एकदा आम्ही दुपारी तीनला न सांगता मेन स्विच पाडतो, आणि दर तिसऱ्या महिन्याला गेटवेही बंद करतो. त्या अर्ध्या तासासाठी टेबलाच्या वरच्या खणात जुनी टीपीआर वही, पारा नसलेला थर्मामीटर, हाताचं बीपी यंत्र आणि सेकंद काट्याचं घड्याळ ठेवलेलं असतं. मागच्या सरावात नव्या सिस्टरने सहाही खाटांचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजून लिहिले: १६, २२, १८, २४, १९, २८. शेवटच्या खाटेवरच्या बाईंना आम्ही त्याच संध्याकाळी वर्ध्याला पाठवलं.